गाळलेला आवाजही ऐकवा

2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातले कितीतरी गानगुरू पहिल्यांदाच संगणकासमोर बसून शिकवू लागले. समोरचा विद्यार्थी कधी त्याच गावातला असे, तर कधी न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरातला. तक्रार मात्र दोघांचीही एकच होती. गुरूंच्या शेजारी तानपुरा चालू असूनही पलीकडे तो ऐकूच येत नसे. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की गुरूंनी षड्ज लावून धरला की पहिला क्षणभर तो भरदार ऐकू येई, मग हळूहळू क्षीण होत नाहीसा होई, आणि गुरू ‘ऐकू येतंय ना?’ असे विचारू लागले की तो प्रश्न मात्र खणखणीत पोहोचे. दोष इंटरनेटचा समजून अनेकांनी जोडण्या बदलल्या, पण खरे कारण निराळे होते. वर्गासाठी वापरलेली व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर संभाषणासाठी घडवलेली होती आणि पंख्याची घरघर किंवा वातानुकूलन यंत्राची गुणगुण काढून टाकणे हे त्यांचे एक काम होते. जो आवाज न बदलता टिकून राहतो तो गोंगाट, असा त्यांचा हिशेब होता. अखंड टिकणारा स्वर हाच ज्या संगीताचा पाया आहे, त्या संगीताला या हिशेबात जागा नव्हती. पुढे आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय लोकांना सापडली आणि वर्ग सुरळीत सुरू झाले.

वर्गातली ही अडचण सुटली, कारण गुरू आणि शिष्य दोघेही हजर होते आणि काय हरवते आहे हे त्यांना लगेच कळत होते. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत ही सोय नाही. गाणारा हयात नाही, त्याला प्रत्यक्ष ऐकलेले लोकही आता उरलेले नाहीत, आणि आज न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकप्रणालीच्या, साहाय्याने स्वच्छ केलेली जुनी गाणी इंटरनेटवर मोठ्या संख्येने येत आहेत. ऐकणाऱ्याला खरखर नसलेला, समोर बसून गायल्यासारखा आवाज मिळतो आणि तो हरखून जातो. मला या तंत्राचे अगत्य आहे आणि ते वापरले जावे असेच वाटते. माझे म्हणणे एवढेच, की न्यूरल नेटवर्कने स्वच्छ केलेल्या प्रत्येक सार्वजनिक ध्वनिमुद्रणासोबत त्याची मूळ, काहीही न केलेली प्रत आणि तिच्यातून काढून टाकलेला आवाज या दोन्ही गोष्टी श्रोत्याला मिळाल्याच पाहिजेत. आणि जिथे काढलेला आवाज वेगळा दाखवताच येत नाही, तिथे त्या ध्वनिमुद्रणाची नोंद ‘स्वच्छ केलेले’ अशी न करता ‘नव्याने रचलेले’ अशी केली पाहिजे.

या मागणीमागचे कारण समजायचे तर यंत्र नेमके काय करते ते थोडे पाहावे लागेल. संगणकात ध्वनी शिरतो तो आकड्यांच्या रांगेच्या रूपाने. सीडीवर एका सेकंदाला असे 44,100 आकडे असतात. या रांगेचे अगदी छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा जोर किती आहे हे काढले, की स्पेक्ट्रोग्राम नावाचे चित्र मिळते. त्यात डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर वारंवारता वाढते आणि रंगाच्या गडदपणावरून जोर कळतो. तानपुरा या चित्रात एकावर एक आखलेल्या आडव्या समांतर रेषांच्या रूपात दिसतो, मींड घेतली की गायकाच्या रेषा सगळ्या एकदम वळण घेत वर चढतात किंवा खाली उतरतात, तबल्यावरचा बोल उभी रेघ होऊन उमटतो, आणि लाखेच्या तबकडीची खरखर चित्रभर विखुरलेल्या बारीक ठिपक्यांची असते. स्वच्छता करायची म्हणजे या चित्रातला कोणता भाग ठेवायचा आणि कोणता पुसायचा हे ठरवायचे.

हा निर्णय पूर्वी साध्या नियमांनी होत असे. स्टीव्हन बोल यांनी 1979 मध्ये मांडलेल्या पद्धतीत, जिथे कोणी बोलत नाही अशा जागी गोंगाटाचे माप घ्यायचे आणि ते पुढच्या सगळ्या ध्वनीतून वजा करायचे, एवढीच कल्पना होती. ही पद्धत ओबडधोबड होती, वजाबाकीनंतर मागे विचित्र किणकिण राहत असे, पण यंत्राने काय केले हे कागदावर लिहून दाखवता येत होते. न्यूरल नेटवर्क हा नियम स्वतः शिकते. त्याला हजारो वेळा स्वच्छ आवाज आणि त्यात मुद्दाम मिसळलेला गोंगाट अशा जोड्या दाखवल्या जातात, आणि कोणत्या खुणांवरून दोन्ही वेगळे करावेत हे ते आपल्या आतल्या आकड्यांत नोंदवून ठेवते. ज्यां-मार्क व्हॅलिन यांनी 2017 च्या सुमारास तयार केलेले ‘आरएनएन-नॉइज’ हे याचे सुबक उदाहरण आहे. ते ध्वनीचा पट्टा 22 भागांत विभागते आणि दर क्षणी प्रत्येक भाग किती मंद करायचा एवढेच नेटवर्कला विचारते. म्हणजे नेटवर्क निर्णय घेते, पण कानावर पडणारा ध्वनी मूळ मुद्रणातलाच असतो. हे बंधन मला फार मोलाचे वाटते.

आता या निर्णयामागची शिकवणी कुठली, हे विचारायला हवे. गाण्यातले घटक सुटे करणाऱ्या प्रणाली 2019 पासून सर्वांना मोफत मिळू लागल्या. डीझर कंपनीची ‘स्प्लीटर’ आणि फेसबुकच्या संशोधकांची ‘डेमक्स’ ही त्यातली दोन प्रसिद्ध नावे. या दोन्ही प्रणाली गाण्याचे चार भाग करू शकतात: गळा, ड्रम, बास आणि ‘इतर’. या क्षेत्रात ज्या संग्रहावर प्रणालींची परीक्षा घेतली जाते, त्या ‘मूसडीबी18’मध्ये 150 गाणी आहेत आणि ती प्रामुख्याने पाश्चात्त्य पॉप-रॉक वळणाची आहेत. अशा प्रणालीला आपण ख्यालाची जुनी तबकडी दिली तर काय होईल? संवादिनी, सारंगी आणि तानपुरा या तिघांची रवानगी ‘इतर’मध्ये होणार, डग्ग्याची घिसट बासमध्ये जाणार की ड्रममध्ये हे क्षणाक्षणाला बदलणार, आणि गायकाच्या मागोमाग त्याच वळणाने जाणारी सारंगी कधी गळ्याच्या खात्यात तर कधी बाहेर पडणार. संगतकाराने जी साथ आयुष्यभर गळ्याला चिकटून राहण्यासाठी कमावली, नेमकी तीच यंत्राला गोंधळात पाडणार. यात यंत्राचा दोष नाही. त्याला ज्या संगीताने घडवले तिथे या प्रश्नाला कारणच नव्हते.

तानपुऱ्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात तंबोऱ्याच्या घोडीचे एक आश्चर्य नोंदवले. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वराचा) स्थिरबिंदू, म्हणजे तारेची न हलणारी जागा, असेल तो उपस्वर वाजू नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रातला नियम. तंबोऱ्यात तो उपस्वरही स्पष्ट वाजतो, कारण रुंद, वक्र घोडी आणि जवारीचा दोरा यांमुळे तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. जवारी उघडली असे आपण म्हणतो तेव्हा कानाला मिळते ती या वरच्या उपस्वरांची मंद, सतत हलती झळाळी. तबकडीवर ती आधीच अगदी पुसट उमटलेली असते आणि जिथे ती उमटते त्याच पट्ट्यात लाखेच्या कणांची खरखरही असते. ज्या नेटवर्कने जवारी कधी ऐकलेली नाही, ते या दोन्हींना एकाच मापाने मोजेल. खरखर जाईल आणि तिच्याबरोबर जवारीही जाईल, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की त्या काळी तानपुरे असेच मुके ठेवत असत.

इथवर जे सांगितले ते पुसण्याबद्दल. पुढची पायरी भर घालण्याची आहे आणि तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. 2016 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या डीपमाइंडने ‘वेव्हनेट’ जाहीर केले. ध्वनीतला प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यांवरून अंदाजाने काढायचा, सेकंदाला 16,000 आकडे, अशी ती रीत. सुरुवातीला ती अतिशय संथ होती, पण तिने दाखवून दिले की नेटवर्क ध्वनीचे विश्लेषण करण्यापुरतेच मर्यादित नाही, ते स्वतः ध्वनी घडवू शकते. त्यानंतर आलेल्या अनेक प्रणाली कितीतरी पटींनी वेगवान होत्या. आज जुन्या ध्वनिमुद्रणाला ‘उच्च दर्जा’ देणाऱ्या कित्येक साधनांच्या पोटात असेच एखादे ध्वनी घडवणारे नेटवर्क असते. ते मूळ मुद्रणाकडे केवळ इशारा म्हणून पाहते आणि त्या इशाऱ्यावरून संपूर्ण नवा ध्वनी तयार करते.

याचा अर्थ एका अक्षराच्या पातळीवर पाहा. कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या, म्हणजे विजेवरचे ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या मुद्रणांत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा उमटत असे. मराठीतल्या ‘स’ आणि ‘श’ यांचा घर्षणध्वनी बहुतांशी त्याच्या वर असतो. जुन्या तबकडीवर ‘श्याम’ आणि ‘साम’ यांतला फरक कान ओळखतो तो मुख्यतः शेजारच्या स्वराच्या वळणावरून आणि शब्दाच्या ओळखीवरून. ध्वनी घडवणारे नेटवर्क ही रिकामी जागा भरते तेव्हा ते ‘स’ किंवा ‘श’ यांपैकी एक निवडते आणि तो अगदी स्वच्छ, खणखणीत ऐकवते. गायकाने काय उच्चारले होते हे त्या तबकडीला ठाऊक नाही. नेटवर्कला ज्या आवाजांवर शिकवले त्यांना जे सवयीचे, ते उत्तर म्हणून येते. शंभर वर्षांपूर्वीच्या नाट्यपदांतील उच्चारांचा अभ्यास करणाऱ्या उद्याच्या विद्यार्थिनीला ही प्रत मिळाली तर ती गायकाच्या नावावर यंत्राचा उच्चार नोंदवेल. आणि हीच प्रत पुढच्या नेटवर्कच्या शिकवणीत गेली, तर चूक पुन्हा शिकवली जाईल आणि या वेळी तिला ऐतिहासिक पुराव्याचे वजन असेल.

म्हणूनच मी वजाबाकीची कसोटी मांडतो. मूळ प्रतीतून स्वच्छ केलेली प्रत, आकड्याला आकडा जुळवून, वजा केली तर जे उरते ते ऐकता येते. ध्वनिसंस्करणाचे काम करणारे लोक हे रोज करतात. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त काढलेला आवाज ऐकवणारी कळ असते, आणि चांगला तंत्रज्ञ ती वारंवार दाबतो. उरलेल्यात फक्त खरखर आणि टिचकण्या असतील तर काम नीट झाले. त्यात गायकाच्या श्वासाची चाहूल लागली, शब्दारंभीचे एखादे व्यंजन दिसले, सारंगीच्या गजाचा शेवट किंवा तानपुऱ्याची रेघ सापडली, तर स्वच्छता हद्दीबाहेर गेली हे समजते आणि तो हात आखडता घेतो. माझी मागणी इतकीच, की ही कळ तंत्रज्ञाच्या खोलीत राहू नये, ती श्रोत्याच्या हातात यावी. कोणी म्हणेल, की मूळ आणि स्वच्छ अशा दोन्ही प्रती दिल्या तर वजाबाकी ज्याची त्याने करावी. पण दोन्ही प्रतींचा वेग, पातळी आणि आरंभबिंदू तंतोतंत जुळत नसेल तर ती होत नाही, आणि हौशी श्रोता ती करत बसणार नाही. म्हणून संग्रहालयानेच ती करून द्यावी.

या कसोटीचा दुसरा गुण असा, की ती पुसणाऱ्या आणि घडवणाऱ्या नेटवर्कमध्ये आपोआप भेद करते. घडवणारे नेटवर्क लहरींची मूळ जुळणी पाळत नाही. कानाला सारखाच वाटणारा ध्वनी ते वेगळ्याच लहरींनी बनवते. त्यामुळे वजाबाकी केली तर अख्खे गाणेच, किंचित विस्कटलेल्या रूपात, उरलेल्या भागात सापडते. कोणताही तज्ज्ञ न बोलावता, कंपनीच्या जाहिरातीवर न विसंबता, साध्या कानाने कळते की हे धुतलेले नाही, नव्याने बनवलेले आहे. अशा ध्वनीवर बंदी घालावी असे मी म्हणत नाही. वर्गात समजावून देण्यासाठी, नाटकात किंवा प्रदर्शनात त्याचा उपयोग आहेच. फक्त त्याच्या नोंदीत गायकाच्या नावानंतर ‘यांच्या मुद्रणावरून रचलेले’ असे शब्द असावेत आणि कोणते नेटवर्क वापरले, ते कशावर शिकवलेले होते, हे खाली लिहिलेले असावे.

या भूमिकेवर गंभीर आक्षेप घेतले जातात आणि ते टाळणे योग्य होणार नाही. पहिला असा, की शुद्ध मूळ असे काही नसतेच. कर्ण्यानेही आवाज विकृत केला, तीन-सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेने ख्यालाचे रूपच बदलले, गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून जोर लावून गावे लागले, मग आणखी एका यंत्राने थोडी ढवळाढवळ केली तर काय बिघडले? या आक्षेपात तथ्य आहे. पण कर्ण्याने जे केले ते ठरावीक भौतिक नियमांनी केले आणि त्याचा अंदाज आज बांधता येतो; त्याने मुख्यतः वगळले, गायकाच्या नावे नवा उच्चार घातला नाही. दुसरा आक्षेप लोकाभिमुख आहे: नव्या पिढीला खरखर सहन होत नाही, स्वच्छ प्रत दिली तरच ती अब्दुल करीम खाँ ऐकेल. हा मला पूर्ण मान्य आहे. 1934 नंतरच्या त्यांच्या विजेवर मुद्रित झालेल्या तबकड्या नीट स्वच्छ करून ऐकल्या, की त्या आवाजाची तार आणि त्यातला ओलावा विशीतल्या ऐकणाऱ्यालाही बांधून ठेवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मी स्वच्छ प्रत पहिल्या स्थानावर ठेवायलाही तयार आहे. बाकीच्या दोन प्रती तिच्या खाली असाव्यात, एवढीच अट आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो तर टिकतच नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचवलेल्या 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ या दर्जाने तीन मिनिटांचे मोनो मुद्रण सुमारे 52 मेगाबाइट जागा घेते. तीन प्रती मिळून दीडशे मेगाबाइटच्या आसपास. दहा हजार बाजूंचा संग्रह खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर बसतो.

न्यूरल नेटवर्कने जिथे खरोखर उपकार केले आहेत ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. जॉन लेनन यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी पियानोवर गाऊन कॅसेटवर मुद्रित केलेले ‘नाऊ अँड देन’ बीटल्सच्या उरलेल्या सदस्यांनी 1995 मध्ये पुरे करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पियानो आणि विजेच्या गुणगुणीखाली गळा सुटा होईना. ध्वनी वेगळा करणाऱ्या नेटवर्कने तो सुटा झाला आणि 2 नोव्हेंबर 2023 रोजी गाणे प्रसिद्ध झाले. गळा लेनन यांचाच होता, आणि त्या कामाबद्दल ही गोष्ट सुरुवातीपासून उघडपणे सांगितली गेली. आपल्याकडच्या तबकड्यांतही असे काम पडून आहे. कडेपासून मध्यापर्यंत तडा गेलेली तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांच्या गतीने फिरताना सेकंदाला 1.3 वेळा टिचकी देते आणि विलंबित लयीत ती टिचकी ठेक्याच्या आड येऊन ऐकणाऱ्याला वेड लावते. तिची जागा ओळखून तेवढेच काही क्षणांश शेजारच्या लहरींवरून सांधणे हे नेटवर्क फार चांगले करते. वेगाचा प्रश्न तर आणखी महत्त्वाचा आहे. ‘78’ हा आकडा लेबलावर असला तरी सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या त्याच गतीने कापल्या जात नव्हत्या. 75 च्या गतीने कापलेली तबकडी 78 ने वाजवली तर गाणे सुमारे 68 सेंटांनी, म्हणजे अर्धस्वराच्या (100 सेंटांच्या) दोन-तृतीयांशाहून थोडे जास्त, वर चढते. गायकाची पट्टी चुकते, आवाज पातळ वाटतो आणि लयही वाढते. पट्टी मोजणारी नेटवर्क आज सेंटांच्या हिशेबात काम करतात, आणि एकाच गायकाच्या, एकाच दिवशीच्या अनेक तबकड्या एकत्र तपासून मूळ गती शोधण्याचे काम त्यांच्याकडून करून घेता येईल. असे काम झाले तर कित्येक बुजुर्गांचा आवाज आपल्याला पहिल्यांदाच खऱ्या पट्टीत ऐकू येईल.

उलट मोह कुठला आहे तेही उघड आहे. तीन मिनिटांच्या मुद्रिकेवरून तोच राग तासभर गाणारा आवाज तयार करायचा आणि घराण्याच्या एखाद्या थोर गायकाची ‘हरवलेली मैफल’ म्हणून तो फिरवायचा. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो आणि कलावंताचे प्रयोगाधिकार 50 वर्षांनी. त्यामुळे 1930 च्या तबकड्या सर्वांच्या मालकीच्या आहेत, आणि हे चांगलेच आहे. हयात गायकांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, ही दिशा स्वागतार्ह आहे. दिवंगतांच्या बाबतीत ए. आर. रहमान यांनी जानेवारी 2024 मध्ये एका तमिळ चित्रपटगीतात शाहुल हमीद आणि बंबा बाक्या यांचे आवाज नेटवर्कच्या साहाय्याने वापरले तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसे जाहीरही केले. पण ज्यांच्या वारसांचाही आज पत्ता नाही, त्या गायकांसाठी न्यायालयात कोण जाणार? तिथे संग्रहालयांची शिस्त हाच आधार आहे. अल्लादिया खाँनी तबकडीसाठी गाणेच नाकारले. केसरबाई केरकर यांनी मोजकेच मुद्रण होऊ दिले, आणि त्यातलीच एक भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरून सूर्यमालेच्या पलीकडे निघाली. ज्यांनी आपण किती आणि काय मागे ठेवायचे हे जाणतेपणी ठरवले, त्यांच्या नावे यंत्राने आणखी काही गाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

राहिला शिकवणीचा प्रश्न. आपल्या संगीताचे भान असलेले नेटवर्क हवे असेल तर ते आपल्यालाच शिकवावे लागेल, आणि त्याला फार मोठे भांडवल लागते ही समजूत खरी नाही. 2020 मध्ये गुगलच्या मॅजेंटा गटाने ‘डीडीएसपी’ ही पद्धत मांडली. तीत ध्वनी कसा बनतो याचे जुने ज्ञान, म्हणजे उपस्वरांची बेरीज आणि गाळलेला गोंगाट, आधीच यंत्राच्या रचनेत घातलेले असते आणि नेटवर्कला फक्त त्यांची मापे शिकायची असतात. त्यांच्या व्हायोलिनच्या नमुन्याला एकल वादनाचे 13 मिनिटांचे मुद्रण पुरले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांनी जवारी लावताना, दोरा किंचित सरकवताना होणारा बदल टप्प्याटप्प्याने शांत खोलीत मुद्रित केला, तर अशा पद्धतीला तानपुरा शिकवण्याइतकी सामग्री काही दिवसांत तयार होईल. मैफलींच्या बाबतीत बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या पुढाकाराने 2011 ते 2017 या काळात चाललेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रास यांचा सहभाग होता, आणि त्यातून हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचा ‘सरागा’ हा खुला संग्रह उभा राहिला. तो पाया आहे. पण हिंदुस्थानी संगीतासाठी गळा, संवादिनी, सारंगी, तबला, डग्गा आणि तानपुरा प्रत्येकी वेगळ्या, एकमेकांत न सांडणाऱ्या मुद्रणात मिळतील असा मोठा संग्रह हवा आहे. त्यासाठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बोलवावे, मुद्रणाचा उपयोग कशासाठी होणार हे लेखी सांगावे, संगतकाराला गायकाइतकेच नाव द्यावे आणि सर्वांना मानधन द्यावे. भाषांसाठी ‘भाषिणी’सारखा सरकारी उपक्रम 2022 पासून चालू आहे, संगीतासाठीही सार्वजनिक पैसा मागण्यात संकोच कशाला?

ध्वनी मोजण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये 22 श्रुतींवरचे आपले मोजमाप पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, अब्दुल करीम खाँच्या गळ्याचा त्यांना आधार होता, आणि पुढे ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्यासह त्यांनी त्या मापाची संवादिनीही तयार करून घेतली. त्यांचे निष्कर्ष सर्वांनी मानले नाहीत; भातखंड्यांसारख्या पंडितांनी त्यांना कडाडून विरोध केला. पण तो विरोध करता आला, कारण कोणता आकडा कुठून आला हे देवलांनी छापून ठेवले होते. आज एखाद्या स्वच्छ केलेल्या मुद्रणातला कोमल गंधार ऐकून ‘तो असा नव्हता’ असे कोणा जाणकाराला वाटले, तर त्याने काय दाखवून वाद घालायचा? मूळ प्रत नाही, काढलेला भाग नाही, नेटवर्क कशावर शिकले याची नोंद नाही.

हे बदलण्याची ताकद प्रथम सार्वजनिक संस्थांकडे आहे. आकाशवाणीची केंद्रे, विद्यापीठांचे संगीत विभाग, मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रासारख्या संस्था आणि 1990 पासून मुंबईतून काम करणारी ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची सोसायटी यांच्याकडे मिळून जो साठा आहे, त्याचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने होत राहणार आहे आणि त्यात स्वच्छतेचे काम बहुधा बाहेरच्या कंत्राटदारांकडेच जाईल. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या अशा प्रत्येक कामाच्या निविदेत चार ओळी घालाव्यात: मूळ प्रत 24 बिटांत, न बदलता, संस्थेकडे राहील, काढलेला आवाज स्वतंत्र फाइल म्हणून, वेळेशी जुळवून दिला जाईल, वापरलेल्या नेटवर्कचे नाव, आवृत्ती आणि शिकवणीचा तपशील नोंदीत येईल, आणि वजाबाकीच्या कसोटीला न उतरणारी प्रत वेगळ्या विभागात, वेगळ्या शीर्षकाखाली ठेवली जाईल. खासगी वाहिन्यांना या अटी लगेच लागू करता येणार नाहीत, पण सरकारी संग्रहाने त्या पाळल्या तर श्रोत्याला तुलनेसाठी हक्काची जागा मिळेल, आणि इतरत्र मिळालेली प्रत घेऊन तो तिथे तपासायला येऊ शकेल.